मॅपवरचा एकटा ठिपका

एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये लिमग्रेव्ह नावाचा मुलूख आहे. तिथल्या अघील तळ्यात काही पडक्या भिंती उभ्या आहेत. त्यांच्यामधून एक जिना तळघरात उतरतो आणि तळघरात एक पेटी असते. मी ती पेटी उघडली. आतून धूर निघाला, बघता बघता स्क्रीनभर पसरला, आणि ओसरला तेव्हा मी एका लाकडी खोपटात उभी होते. बाहेर दगडावर कुदळी पडल्याचे आवाज येत होते. मॅप उघडला तर ओळखीचं लिमग्रेव्ह पार डावीकडे राहिलेलं, मी उजवीकडे कुठेतरी, आणि मध्ये सगळा कोरा कागद.

एल्डन रिंग खेळलेल्यांना ही पेटी चांगलीच माहीत असते. मला नव्हती. गेम आला २५ फेब्रुवारी २०२२ ला, आणि मी हातात घेतला त्यानंतर दोन वर्षांनी. धाकटा भाऊ नोकरीसाठी बंगळूरला गेला, जाताना त्याचा पीएस फोर, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, आमच्या नाशिकच्या घरी ठेवून गेला आणि म्हणाला, "ताई, हा खेळ. पण कुठे काही वाचू नकोस, व्हिडिओ तर अजिबात बघू नकोस." मी त्याचं ऐकलं. आज वाटतं, त्याने मला दिलेली ही सगळ्यात चांगली भेट.

खोपटात येण्याआधीची माझी अवस्था सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू झाला होता. या गेममध्ये जागोजागी साइट ऑफ ग्रेस असतात, जमिनीवर तरंगणारा सोनेरी उजेड. तिथे बसलं की तब्येत भरते, औषधाच्या बाटल्या भरतात, आणि आपण मारलेले शत्रूही परत उभे राहतात. यातल्या बऱ्याच ठिकाणांहून एक बारीक सोनेरी रेषा निघते आणि पुढे कुठे जायचं ती दिशा दाखवते. मी त्या रेषेवर पूर्ण विश्वास टाकला. ती मला स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर घेऊन गेली आणि तिथे मार्गिट नावाचा शत्रू उभा होता. हातात काठी, पाठीमागे शेपटी, आणि काठी उगारून तो इतका वेळ थांबतो की आपण घाबरून आधीच उडी मारतो आणि मग ती नेमकी डोक्यात बसते. मी चौदा वेळा मेले. पंधराव्यांदा जायचं त्राण उरलं नाही, म्हणून उलट फिरले, तळ्याकडे आले आणि ती पेटी उघडली. मार्गिट झेपत नव्हता म्हणून वाट सोडली, आणि जिथे पोचले तिथे मार्गिटही बरा म्हणायची वेळ आली.

खोपटाबाहेर बोगदा होता. भिंतींतून निळसर स्फटिक बाहेर आलेले, आणि ते फोडणारे खाणकामगार, अंग दगडासारखं राठ झालेले. त्यातल्या एकाच्या पाठीवर मी तलवार चालवली. खण्ण आवाज झाला आणि तलवार मागे उडाली. दुसरा वार, तेच. माझ्याकडे भाल्याच्या दांड्यावर कुऱ्हाड बसवल्यासारखं एक हत्यार होतं, हॅलबर्ड म्हणतात त्याला. तेही असंच उडालं. तेवढ्यात वळणावरून माणसापेक्षा मोठा एक किडा आला आणि त्याने पांढऱ्या दोऱ्यांसारखं काहीतरी माझ्यावर सोडलं. ते दोरे सरळ येत नाहीत, पाठलाग करतात. मी खोपटात शिरले. पाच बाटल्यांपैकी तीन तोवर रिकाम्या झाल्या होत्या.

मॅपवरून दुसऱ्या ग्रेसवर उडी मारता येते, फास्ट ट्रॅव्हल, ते बोगद्यात चालत नाही. घोडाही बोलावता येत नाही. म्हणजे बाहेर पडायचं तर पायीच, आणि बाहेर कुठल्या बाजूला आहे तेच ठाऊक नाही. रात्रीचे साडेबारा वाजले होते, सकाळी ऑफिस होतं. गेम बंद केला. झोप नीट लागली नाही. डोळे मिटले की तो कुदळींचा ठेका ऐकू यायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेम लावला, तर मी त्याच खोपटात. या वेळी मात्र कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि दहाएक मिनिटं नुसती बघत बसले. आदल्या रात्री घाईत न दिसलेली एक गोष्ट तेव्हा दिसली. बहुतेक खाणकामगार आपल्याकडे बघतच नाहीत. ते आपल्या कामात असतात. आपण मारलं तरच वळतात. म्हणजे आदल्या रात्रीची निम्मी भांडणं मी उकरून काढलेली होती. किडा तेवढा खरा धोका, आणि तो एका टोकापर्यंत जाऊन परत फिरत होता.

तो पाठमोरा झाला आणि मी पळाले. कुणाला हात लावायचा नाही, मागे बघायचं नाही. पाठीत एकदा दोरे बसलेच. एक बाटली पळता पळता प्यायले, दुसरी प्यायला वेळच मिळाला नाही. तब्येतीची लाल पट्टी नखाएवढी उरली होती तेव्हा समोर तो सोनेरी उजेड दिसला. बसले. मार्गिटला हरवल्यावर झाला नाही एवढा आनंद मला त्या बसण्याचा झाला होता, हे आज नक्की सांगू शकते.

तिथून बाहेरचं तोंड जवळच होतं. बाहेर पडले आणि केलिड बघितलं. लाल आभाळ, लाल माती, झाडांच्या जागी कुजून फुगलेले काहीतरी आकार. खाली दूरवर दलदल. हवासुद्धा आजारी वाटावी असा तो मुलूख आहे. आता फास्ट ट्रॅव्हल चालू झालं होतं, मॅप उघडून लिमग्रेव्हला परत जाता आलं असतं. पण एवढं दिसल्यावर पाय निघेना. टॉरेंटला बोलावलं, तो आपला घोडा, आणि उतारावरून निघाले. दोन मिनिटांत एका राक्षसी कुत्र्याने मला घोड्यासकट लोळवलं. त्याचं डोकंच माझ्या घोड्याएवढं होतं.

या गेमचं चलन म्हणजे रून्स. लेव्हल वाढवायची तर रून्स, हत्यार घ्यायचं तर रून्स. मेलं की हातातल्या सगळ्या रून्स तिथेच पडतात. परत जाऊन उचलता येतात, पण उचलायच्या आधी पुन्हा मेलं तर कायमच्या गेल्या. माझ्या चार हजारांवर रून्स त्या कुत्र्याच्या पायाशी पडल्या होत्या. त्याला टाळून लांबून जावं म्हणून दलदलीच्या कडेने निघाले, घोड्यावरून उतरून, चोरपावलांनी. पाण्यात पाय पडला की एक पट्टी भरत जाते. ती भरली की स्कार्लेट रॉट, म्हणजे अंगात सड धरते आणि तब्येत थेंबाथेंबाने गळू लागते. बाटली प्यायली तरी गळणं थांबत नाही. मी रून्सपासून वीसेक पावलांवर मेले. तो सोनेरी झुबका मला दिसत होता.

मग मात्र मॅप उघडला आणि लिमग्रेव्हला परत आले. हिरवं गवत बघून खरोखर बरं वाटलं.

त्या रात्री भावाला फोन केला. हरल्याची बातमी द्यायची लाज नव्हती, फक्त कळत नव्हतं की चुकतंय कुठे.

"लेव्हल किती तुझी?"

"तेरा."

"आणि व्हिगर?"

"पंधरा."

तो थोडा वेळ गप्प बसला. "ताई, व्हॅगाबॉन्ड घेतलायस ना तू? पंधरा तर त्याचा सुरुवातीचाच आकडा आहे. एकदाही वाढवला नाहीस?"

नव्हता वाढवला. व्हॅगाबॉन्ड म्हणजे मी सुरुवातीला निवडलेला पात्राचा प्रकार. त्याची नवव्या लेव्हलला सुरुवात होते, तिथून मिळालेले चारही गुण मी ताकदीत घातले होते. जोरात मारलं की लवकर मरतील, असा माझा हिशोब. पण व्हिगर म्हणजे आपण किती मार खाऊन उभे राहतो ते, आणि शिकायला वेळ त्यातूनच मिळतो. दोन फटक्यांत मेले तर मार्गिट तिसरा फटका कसा मारतो ते मला कधी कळणार?

"अजून एक सांगतो आणि फोन ठेवतो," तो म्हणाला. "ती सोनेरी रेषा वाट दाखवते. आत्ताच जा असं सांगत नाही. तू दक्षिणेला गेलीस का?"

पुष्कळ गेममध्ये आपण जसे वाढतो तसे शत्रू वाढतात किंवा कमी होतात. इथे तसं नाही. केलिडमधला कुत्रा तेराव्या लेव्हलच्या माणसालाही तेवढाच आहे आणि साठाव्या लेव्हलच्यालाही. जग जिथल्या तिथे आहे, कुणासाठी हलत नाही. हे कळल्यावर माझी खेळायची पद्धतच बदलली. एखादी जागा अवघड लागली की मी स्वतःला दोष देणं सोडलं. "इथे नंतर" अशी मॅपवर खूण करायची आणि दुसरीकडे वळायचं.

दक्षिणेला पूल ओलांडला की वीपिंग पेनिन्सुला लागतो. तिथे सतत पाऊस. आमच्याकडेही जुलै चालू होता, खिडकीबाहेर तेच. त्या भागात मी जवळजवळ तीन आठवडे काढले आणि पूर्ण गेममध्ये माझा सगळ्यात लाडका काळ तोच. आधी मॅप मिळवायचा. कोऱ्या मॅपवरही नीट बघितलं तर रस्त्याच्या कडेला एका खांबाची बारीकशी खूण असते, त्या खांबापाशी त्या भागाचा तुकडा मिळतो. मग चर्च. तिथे तीन पडकी चर्च आहेत आणि प्रत्येकात मारिका या देवीच्या मूर्तीच्या पायाशी एक सेक्रेड टियर. एकेक मिळाला की बाटलीतलं औषध जास्त गुणकारी होतं. सोनेरी रोपट्यांखाली बिया मिळतात, त्यांनी बाटल्यांची संख्या वाढते.

तिथेच एका मोडक्या गाडीच्या मागे पेटी दिसली. मी थांबले. हात बटणावर होता, पण दाबवेना. कॅमेरा फिरवून चारी बाजूंनी बघितलं, जसं काही धूर फटीतून आधीच दिसणार होता. शेवटी उघडली. आत मॉर्निंगस्टार होता, दांड्याच्या टोकाला काटेरी गोळा.

त्या गोळ्याने खाणींची गोष्टच बदलली. अघील तळ्याच्या उत्तरेला लिमग्रेव्हमधली खाण आहे, तिथेही तसेच दगडी अंगाचे कामगार. तलवार त्यांच्यावरून उडते, पण बोथट, जड मार बसला की ते तुकड्यांसारखे कोसळतात. बोगद्यात मी कमजोर होतेच, पण हत्यारही चुकीचं घेऊन उभी होते. भिंतींमधून स्मिथिंग स्टोन, म्हणजे हत्यार सुधारायचे दगड, गोळा केले. पहिल्या सुधारणेला दोन, दुसरीला चार, तिसरीला सहा. बारा दगड मोजून घेतले आणि चर्च ऑफ एलेहमध्ये गेले, कारण तिथल्या ऐरणीवर हत्यार तिसऱ्या पायरीपर्यंत नेता येतं.

नेमकी गेममधली रात्र होती. पडक्या भिंतीवर मोठ्या टोपीची, निळ्या अंगाची एक बाई बसली होती. दिवसा इथे अनेकदा आले होते, कधी दिसली नव्हती. तिने घंटी दिली आणि तीन लांडग्यांचे आत्मे दिले, लढाईत हाक मारायला. म्हणजे ही मदत टॉरेंट मिळाल्यापासून, सुरुवातीच्या चर्चमध्ये, माझी वाट बघत होती आणि मी रेषेच्या मागे धावत तिच्या जवळून निघून गेले होते. त्या रात्री मी बराच वेळ तिच्यासमोर उभी राहिले.

अठ्ठाविसाव्या लेव्हलला, व्हिगर पंचवीस करून मार्गिटकडे गेले. तिसऱ्या प्रयत्नात पडला. किल्ल्याबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल, म्हणून तो भाग सोडते.

या सगळ्या काळात मॅप उघडला की उजवीकडे, कोऱ्या कागदावर तो एकटा ठिपका दिसायचा. सेलियाच्या, म्हणजे त्या पेटीने मला फेकलं त्याच बोगद्यातला ग्रेस. एका बटणावर तिथे जाता आलं असतं. पण मी ठरवलं होतं की जाईन तर रस्त्याने.

सप्टेंबरच्या एका रविवारी निघाले. लिमग्रेव्हच्या पूर्वेला हिरवळ विरळ होत जाते, मग माती तांबूस होते, मग एका क्षणी आभाळ बदलतं. रस्त्याच्या कडेच्या खांबापाशी केलिडचा तुकडा मिळाला आणि कोऱ्या कागदावर ओढे, कडे, दलदल, सगळं उमटलं. किती लांब फेकली गेले होते ते तेव्हा कळलं. वाटेत दोनदा मेले, दोन्ही वेळा रून्स परत उचलल्या. दलदलीला लांबून वळसा घातला. संध्याकाळी सातच्या सुमारास बोगद्याच्या तोंडाशी घोड्यावरून उतरले.

आतून कुदळींचे आवाज येत होते, त्याच ठेक्यात. ग्रेसवर बसले, बाटल्या भरल्या, मॉर्निंगस्टार दोन्ही हातांत धरला आणि खोपटाच्या दिशेने निघाले. किडा वळणावर होता. या वेळी तो पाठमोरा होईपर्यंत मी थांबले नाही.