गणपती यंदा उशिरा का?

"काकू, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये होते ना गणपती? मग यंदा सप्टेंबर कसा?" मी मोदकांपासून दिवाळीच्या फराळापर्यंत घरगुती ऑर्डरी घेते, त्यामुळे लोक भटजींच्या आधी मला विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आपले महिने चंद्राचे. अशा बारा महिन्यांचे दिवस भरतात ३५४, सूर्याच्या वर्षाचे ३६५. म्हणजे दरसाल अकरा दिवस कमी. २०२३ ला गणपती १९ सप्टेंबरला बसले, पुढच्या वर्षी ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. असेच मागे येत राहिले असते तर काही वर्षांत दिवाळी ऐन पावसात आली असती. मोहरम फिरतो ना सगळ्या ऋतूंतून, तसं. आपल्याकडे ती तूट साठली की एक महिना जास्तीचा धरतात. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलतच नाही, तो अधिक. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणून गणपती थेट १४ सप्टेंबरला.

अधिकाला मलमास म्हणून नाकं मुरडतात. लग्नं-मुंजी नाहीत, हॉलवाले माश्या मारतात. माझी मात्र तेव्हा कंबर मोडते, कारण जावयाला तेहतीस अनारशांचं वाण! (मराठवाड्यात पुरणाचे धोंडे करतात, म्हणून हा धोंड्याचा महिना.) अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग पंच्यावर सावलीत पसरायचे. पूर्ण वाळू द्यायचे नाहीत; हाताला जेमतेम ओल लागली पाहिजे. २०२३ चा अधिक श्रावणात होता. बाहेर संततधार आणि घरात पंख्याखाली तांदूळ. त्या हवेत अंदाज चुकला की तुपात सोडलेला अनारसा हसतो, म्हणजे जाळी पडायच्या ऐवजी विरघळून पसरतो. दिवाळीत कोरडी हवा असते, तेव्हा एवढा जीव टांगणीला लागत नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग संक्रांत कशी हलत नाही?" ती चंद्राची नाहीच. सूर्य मकरेत शिरला की संक्रांत, म्हणून १४ नाहीतर १५ जानेवारी.

पंचांगकर्त्यांचंही सगळं एकमताने चालतं असं समजू नका. टिळक पंचांग राशींचा आरंभ वेगळ्या ठिकाणी धरतं, त्यामुळे त्यांचा अधिक कधी कधी आपल्याशी जुळत नाही. अशा एखाद्या वर्षी ते पंचांग पाळणाऱ्या घरांत गणपती महिनाभर आधी येतात. कोण बरोबर, ते मला विचारू नका. दोघांनाही मोदक लागतात. तेव्हा ऑर्डर देताना नुसतं "चतुर्थीला द्या" म्हणू नका, तारीख सांगा.