शाफ्टवरचा उजळ पट्टा

ऐन हंगामात कापसाची जिनिंग मिल बंद पडली की काय होतं, हे धरणगावच्या बाजूला कोणाला सांगावं लागत नाही. त्या जिनिंगवाल्या भाऊंनी तुटलेल्या शाफ्टचे दोन तुकडे गोणपाटात गुंडाळून आमच्या जळगावच्या टेस्टिंग लॅबमध्ये आणले, तेव्हा ते संतापलेले होते. "नवा शाफ्ट शे भाऊ, तरी तुटी गया. देणारा म्हणतो, तुम्हीच लोड जास्त टाकला." त्यांना फक्त 'केमिकल', म्हणजे पोलादात काय-काय किती आहे याची तपासणी, हवी होती.

ती केली. टोकाच्या मध्यभागी स्पेक्ट्रोमीटरची ठिणगी पाडली, कार्बन ०.४१ टक्के. ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा म्हणून विकलेला, ईएन-८च निघाला. तिथेच थांबलो असतो तर सगळा दोष भाऊंच्या माथी गेला असता.

पण तुटीचा भाग मला स्वस्थ बसू देईना. कडेपासून आत सरकत गेलेल्या बारीक कमानी, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा. शेवटी एकदम तुटलेला खरबरीत भाग रुपयाएवढाच. जास्त लोडने तुटला असता तर हाच भाग मोठा दिसला असता. म्हणजे तडा हळूहळू, रोजच्या फिरण्यात वाढला होता. माझ्या मते कुठलंही मशीन चालू करण्याआधी तुटलेली जागा डोळ्यांनी नीट पाहावी. निम्मं उत्तर तिथेच असतं.

तडा बेअरिंगच्या बैठकीवरून निघाला होता. तो भाग उभा कापला, एमरी पेपरवर घासला, पॉलिश केला आणि कापसाच्या बोळ्याने २ टक्के नायटल फिरवलं. स्पिरिटमध्ये नायट्रिक आम्ल, एवढंच ते. काही सेकंदांत कडेला उजळ पट्टा उमटला. वेल्डिंग! झिजलेल्या जुन्या शाफ्टवर भरणी करून, लेथवर उतरवून तो 'नवा' केला होता. वरून बोट फिरवलं तरी कळलं नसतं.

भरणीखालच्या पोलादाची हार्डनेस ५४० विकर्सच्या आसपास, आतल्या गाभ्याची जेमतेम २००. एवढ्या कार्बनचं पोलाद आधी तापवून न घेता वेल्ड केलं की भरणीखालचा थर झपाट्याने थंड होऊन मार्टेन्साइट बनतो. कडक, पण ठिसूळ. तडा तिथूनच सुटला.

भाऊंना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "त्याच माणसाकडून आणलेला अजून एक शाफ्ट चालू मशीनवर आहे. तो?"

"आजच थांबवा," मी म्हणालो. नायटलची बाटली आणि बोळे घेऊन त्यांच्याच गाडीत बसलो.