तुम्ही विचारलंत म्हणून: ही अर्धी नोट कशाला जपलीय?

नोटांचा अल्बम कुणाच्याही हाती दिला की फिनलंडच्या पानावर प्रश्न ठरलेला: "एवढ्या कोऱ्या करकरीत नोटांमध्ये ही अर्धी कशाला ठेवलीय?"

ती फाटलेली नाही. सरकारी हुकमाने कापलेली आहे.

१९४५ सरत आलं तेव्हा फिनलंडचे हाल होते. सोव्हिएत रशियाशी दोन युद्धं झालेली, वर ३० कोटी डॉलरची भरपाई मालाच्या रूपात द्यायची. दुकानं रिकामी, आणि लढाईपायी छापलेला पैसा मात्र लोकांकडे भरपूर. म्हणून ३१ डिसेंबरला फर्मान निघालं: ५००, १००० आणि ५००० मार्क्कांच्या (मार्क्का हे फिनलंडचं तेव्हाचं चलन) नोटा मधोमध कापा. डावा तुकडा निम्म्या किमतीला फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालेल. उजवा तुकडा म्हणजे तुम्ही सरकारला दिलेलं कर्ज, १९४९मध्ये २ टक्के व्याजाने परत. देता का, असं कुणी विचारलंच नव्हतं! ग्रीसने १९२२मध्ये हाच उद्योग केला होता.

मेख अशी की बँकेतल्या ठेवींना कात्री लागलीच नाही. ज्यांना कुणकुण लागली त्यांनी रोकड आधीच बँकेत भरली, नाहीतर माल घेऊन ठेवला. सापडला तो घरात मोठ्या नोटा दडवून बसलेला साधा माणूस. महागाई थांबली नाहीच, आणि १९४९पर्यंत त्या कर्जाच्या पैशात फारसा राम उरला नव्हता. मला ही योजना हुशार कमी आणि निष्ठुर जास्त वाटते. (त्याच सुमारास, जानेवारी १९४६मध्ये, इंग्रज सरकारने आपल्याकडे ५००, १००० आणि १०,०००च्या नोटा रद्द केल्या.)

माझ्याकडचा तुकडा १००० मार्क्कांचा. घडीची रेघ अजून दिसते, कापलेली कड खाली तिरकी गेलीय. कापणारा घाईत असावा. या नोटेची रचना एलिएल सारिनेनची, हेलसिंकीचं रेल्वे स्टेशन बांधणारा तोच वास्तुविशारद. तिच्यावर त्याने विवस्त्र स्त्रीपुरुषांचा घोळका काढलाय. पाहुणे आधी त्याच्यावरच हसतात.

आणि पुढचा प्रश्न, "बँकेत बदलून मिळेल का?" नाही. २००२मध्ये तिथे युरोच्या नोटा आल्या. मार्क्काच्या शेवटच्या नोटासुद्धा २९ फेब्रुवारी २०१२पर्यंतच बदलून मिळत होत्या.