माझ्या रजिस्टरमधल्या अडतीस विहिरी

फेब्रुवारीत एका रात्री साडेनऊला फोन आला. "मॅडम, एक विचारू का? पेठ तालुक्यात मे महिन्यात विहिरींचं पाणी वाढतं का हो?"

फोन करणारी मुलगी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते. पाड्यांवरच्या मुलींची शाळेतली हजेरी हा तिचा विषय. उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागलं की मुली शाळेत येत नाहीत, असं तिथले शिक्षक सांगतात. ते आकड्यांत दिसतं का, हे तिला बघायचंय. माझ्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या विहिरींची मोजमापं आहेत असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी फाईल पाठवली, तिने रात्री बसून आलेख काढले. आलेखात ऑगस्टला १.२ आणि मेमध्ये ९.४. तिने सरळ अर्थ लावला की मे महिन्यात विहिरीत नऊ मीटरहून जास्त पाणी आहे.

माझ्या फाईलमध्ये त्या रकान्याचं नाव होतं 'पातळी (मी.)'. बस, एवढंच. भूजलाचं काम करणाऱ्या कुणालाही तो आकडा पाहताक्षणी कळतो: पाणी इतकं खाली आहे. आकडा वाढला म्हणजे पाणी आटलं. आमच्यात हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही, कारण सगळ्यांना माहीतच असतं. शिक्षणशास्त्रातल्या माणसाला ते कुठून माहीत असणार? चूक तिची नव्हतीच. त्या रात्री मी तिला समजावून सांगितलं, फोन ठेवला, आणि मग बराच वेळ झोप लागली नाही. ही फाईल मी इतकी वर्षं 'माझ्याकडे व्यवस्थित आहे' असं सांगत आले होते.

जून २००७ ते मे २०१० अशी तीन वर्षं मी माझ्या प्रबंधासाठी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेठला जायचे. पेठ रोडने सावळघाट, करंजाळी, कोटंबीचा घाट उतरून पुढे. मुलगा लहान होता, सासूबाई त्याला सांभाळायच्या. अडतीस विहिरी. पोलादी टेपच्या टोकाला वजन बांधायचं, शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासायचा, टेप आत सोडायची, कठड्याशी पूर्ण मीटरचा आकडा धरायचा आणि वर ओढून घ्यायची. पाण्यात बुडालेला खडू ओला, गडद दिसतो. ओल जिथवर चढली तो आकडा वाचायचा आणि वजा करायचा. ऊन कडक असलं तर खूण बघताबघता सुकते, म्हणून टेप वर आली की आधी वाचायचं, मग घाम पुसायचा. पावसाळ्यात सगळीच टेप ओली, तेव्हा तीनतीनदा मोजायचं.

त्या तालुक्यात पाऊस धो धो पडतो. पण खाली काळा कातळ, वर उतार. पाणी मुरत नाही, दमणगंगेतून आणि पार नदीतून पश्चिमेला निघून जातं. दिवाळीनंतर विहिरी उतरायला लागतात आणि एप्रिल-मेमध्ये बायका दोर सोडून तळातलं गढूळ पाणी वाटीने हंड्यात भरतात. हे मी बघितलंय आणि त्याच्या शेजारी उभी राहून आकडे लिहिलेत. एकूण १,२९१ नोंदी.

त्यांचं झालं काय? प्रबंधात गेली ती सरासरी आणि सहा नकाशे. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांचे प्रबंध ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, पीडीएफ म्हणून आहे, कुणीही उतरवून घेऊ शकतं; पण मूळ १,२९१ आकडे त्यात नाहीत. ते होते गोदरेजच्या कपाटात, खालच्या खणात, तीन हिरव्या रजिस्टरांमध्ये आणि एका जुन्या हार्ड डिस्कवर.

आता जे लिहिते आहे ते मला स्वतःलाच टोचतं. २०१३ मध्ये सार्वजनिक आरोग्यावर काम करणाऱ्या एका डॉक्टरांनी माझ्याकडे हेच आकडे मागितले होते. पाणी तळाला गेल्यावर जुलाबाचे रुग्ण वाढतात का, हे त्यांना तपासायचं होतं. मी म्हटलं, "माझे दोन पेपर छापून येऊ द्या, मग देते." पेपर आले. मी दिले नाहीत. भीती एकच: तीन वर्षं उन्हात मी भाजले आणि नाव दुसऱ्याचं होईल. ही भीती खोटी नसते. आपल्याकडे बढतीच्या वेळी पेपर मोजतात. आकडे गोळा करून, नीट लावून सगळ्यांसाठी खुले केले त्याला कुणी गुण देत नाही. पण त्या डॉक्टरांनी नंतर कधी विचारलं नाही, आणि त्या तीन वर्षांचे आरोग्य केंद्राचे कागद आता कुठे असतील कोण जाणे. ती संधी माझ्यामुळे गेली.

आणि मी स्वतः कशावर उभी होते? लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवर. माझं काम सुरू झालं तेव्हा एका चित्राला सुमारे सहाशे डॉलर पडायचे. माझ्यासारखीने ते घेणं शक्यच नव्हतं. २००८ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने तो सगळा संग्रह फुकट खुला करायचा निर्णय घेतला आणि २००९ च्या सुरुवातीपासून जुनी-नवी सगळी चित्रं कुणालाही मिळायला लागली. कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत मी रात्री नऊला डाउनलोड लावायचे आणि सकाळी सीडीवर घेऊन यायचे. माझे सहाच्या सहा नकाशे त्या चित्रांवरून झाले. त्यांनी मला विचारलं नाही की तुमचा विषय कोणता, तुमचं विद्यापीठ कुठलं. मी मात्र विचारत बसले.

खुल्या आकड्यांची खरी गंमत मला याच ठिकाणी वाटते. ते ज्याने गोळा केले त्याला ते पुढे कुणाच्या कामी येतील याची कल्पना नसते. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर दर चार तासांनी वारा, तापमान, हवेचा दाब लिहायची पद्धत होती. लिहिणारे खलाशी, हेतू जहाज चालवण्याचा. २०१० पासून 'ओल्ड वेदर' नावाच्या उपक्रमात हजारो सामान्य लोकांनी घरी बसून त्या वह्या उतरवून काढल्या आणि हवामानशास्त्रज्ञांना शंभर वर्षांपूर्वीच्या भर समुद्रातली हवा कळायला लागली. इतिहासकारांनाही त्याच वह्यांत खलाशांची आजारपणं सापडली. प्रथिनांच्या रचनांचा खुला संग्रह १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाला; त्यावर शिकलेल्या संगणकीय पद्धतीला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

पण खुलं करणं म्हणजे फाईल पाठवून देणं नव्हे, हे मला त्या फेब्रुवारीच्या फोनने शिकवलं. मी तिला समजावताना गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीचं उदाहरण दिलं, कारण ती नाशिकला हॉस्टेलवर राहिलेली आहे. गोदेला पूर आला की आपण काय विचारतो? मारुतीच्या कुठवर पाणी आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. २००८, २०१६, २०१९, प्रत्येक पुरात गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे टीव्हीवर येत होतं, पण पंचवटीतल्या आणि भांडीबाजारातल्या माणसाने दुकान उचलायचं की नाही ते ठरवलं मारुतीकडे बघून. नाशिककराला 'छातीला लागलं' एवढे दोन शब्द पुरतात. कोल्हापूरच्या माणसाला त्यातून काहीही कळणार नाही. त्याला सांगावं लागेल की मूर्ती पात्रात कुठे आहे, पाय किती उंचीवर आहेत, छाती किती. प्रत्येक विषयात असा एकेक मारुती उभा असतो. आतल्यांना तो इतका ओळखीचा असतो की त्याची उंची कुणी लिहून ठेवत नाही.

मग बसले लिहायला. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी गेली. 'पातळी' रकान्याचं नाव बदलून 'कठड्याच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर, मीटर, आकडा जास्त म्हणजे पाणी खाली' असं लांबलचक केलं. आणि ते लिहिताना हात थांबला. कठड्यापासून, की जमिनीपासून? पहिल्या वर्षी मी कठड्याची उंची वजा करून लिहीत होते. दुसऱ्या वर्षापासून घाईत तशीच लिहिलेली. कठड्यांच्या उंची रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने होत्या, ६० ते ९० सेंटिमीटर. म्हणजे पहिल्या वर्षाच्या आणि नंतरच्या नोंदींत जवळजवळ कमरेएवढा फरक! रजिस्टरची पानं एकेक करून तपासली आणि सगळे आकडे जमिनीपासूनचे केले, आता मूळ आणि दुरुस्त असे दोन्ही रकाने ठेवलेत.

तारखांनी वेगळाच घोळ घातला. त्या मुलीला सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुरात, फाईल पाठवली तर तिच्या लॅपटॉपवर ०५/०६/२००८ हे ६ मे होऊन बसलं. माझी ती पाच जूनची, पावसाआधीची शेवटची नोंद. मी पहिल्या आठवड्यातच जायचे, त्यामुळे जवळपास सगळ्या नोंदी भलत्याच महिन्यात जाऊन पडल्या. जनुकशास्त्रात हेच झालंय. 'मार्च१', 'सेप्ट२' अशी जनुकांची नावं एक्सेल तारखा करून टाकायचं, शेवटी २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलावी लागली. आता माझ्या फाईलमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

गावांच्या नावांना सगळ्यात जास्त वेळ लागला. एकच गाव माझ्या रजिस्टरमध्ये, तिच्या शाळांच्या यादीत आणि आरोग्य उपकेंद्राच्या वहीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं. शाळेला अकरा आकडी यूडायस हा सरकारी ओळख क्रमांक असतो, विहिरीला काहीच नसतं. शेवटी २०११ च्या जनगणनेतला गावाचा सहा आकडी क्रमांक आम्ही दोघींनी मधला दुवा धरला. त्यातही पाडे अडकतात, कारण जनगणनेला महसुली गाव दिसतं, पाडा दिसत नाही, आणि पेठमध्ये विहीर पाड्याची असते. कोणता पाडा कोणत्या गावात, ही यादी तिच्या ओळखीच्या शिक्षकांनी करून दिली. मला विचाराल तर या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वस्तू ती दीड पानांची यादी आहे. उद्या आरोग्यवाला येवो, शेतीवाला येवो, त्याला ती लागणारच.

राहिली रजिस्टरमधली माणसं. मालकांची नावं, काहींचे फोन नंबर, आणि मी समासात लिहिलेलं असं बरंच काही की कोणत्या घराचं कोणत्या घराशी पाण्यावरून पटत नाही. ते कुणालाही द्यायचं नाही, यात मला शंका नव्हती. पण आकडे तरी माझे एकटीचे आहेत का? विहीर त्यांची. आदिवासी समाजांच्या माहितीबद्दल २०१९ मध्ये 'केअर' नावाची तत्त्वं मांडली गेलीत: माहितीचा लाभ त्या समाजाला व्हावा, अधिकार त्यांचा राहावा, जबाबदारी आणि नीती सांभाळावी. मला ते वाचून पटलं आणि मी जूनच्या आधी दोन रविवार पेठला गेले. सार्वजनिक विहिरींचा नेमका ठिकाणा द्यायला कुणाची हरकत नव्हती. खासगी विहिरींना फक्त गावाचा क्रमांक ठेवला. दोन मालकांनी नको म्हटलं, त्यांच्या विहिरी काढून टाकल्या. म्हणून आता फाईलमध्ये छत्तीस आहेत.

फाईल झेनोडोवर ठेवली आहे. युरोपातल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये सुरू केलेली ही जागा, सगळ्या विषयांना खुली. फाईलला डीओआय नावाचा कायमचा ओळख क्रमांक मिळतो, त्यामुळे वापरणारा नाव घेऊन संदर्भ देऊ शकतो. श्रेय देऊन कुणीही वापरावं असा परवाना दिलाय. त्या मुलीचं काम अजून चालू आहे, काय निघतं ते तीच लिहील.

नाशिकमध्ये मला अजून एका गोष्टीचा ध्यास लागलाय. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांकडे फवारणीच्या वह्या असतात. छाटणी कधी, डाऊनी रोग कधी दिसला, भुरी रोग कधी आला, कोणत्या दिवशी पाऊस पडून मणी गळले, सगळं तारीखवार. निर्यात करणाऱ्यांना तर या नोंदी ठेवाव्याच लागतात. हवामानवाल्याने, कीटकशास्त्रज्ञाने, शेतीच्या अर्थकारणावाल्याने, कर्करोगावर काम करणाऱ्या डॉक्टरने त्या बघाव्यात असं मला फार वाटतं. कुणाच्या घरी दहा-पंधरा वर्षांच्या वह्या असतील आणि दाखवायची इच्छा असेल, तर मी स्वतः येऊन उतरवून घेईन. कोणतं नाव झाकायचं ते तुम्ही ठरवा.

दुसऱ्या रविवारी, सतरा नंबरच्या विहिरीवर, परवानगी देताना आजोबांनी एक अट घातली. आकडे जगाला द्या, पण आमच्या शाळेच्या भिंतीवरही लिहा, कोणत्या महिन्यात पाणी किती खाली जातं ते. मी लगेच हो म्हटलं आणि कागदावर बारा महिन्यांचे आकडे लिहून दाखवले. त्यांनी कागद बघितला आणि परत दिला. "मीटर कोणाला कळतो बाई? परसात लिहा."

परस म्हणजे किती, मी विचारलं. ते कठड्याला टेकून ताठ उभे राहिले आणि उजवा हात डोक्यावर सरळ वर केला, बोटं ताणून. मी पिशवीतून टेप काढली. दोन मीटर सहा सेंटिमीटर. भिंतीवर परस लिहिले आहेत आणि फाईलच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढवली आहे.