पंधरा सव्वाअकरा

मी क्रूझर जीप चालवतो. गाडी स्वतःची आहे, हप्ते फिटले मागंच. वऱ्हाड, दवाखान्याचे पेशंट, तुळजापूर, पंढरपूर, कुणाचं माळेगावच्या जत्रेचं भाडं, जे मिळंल ते. त्याच्या आधी टँकरवर होतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, त्या उन्हाळ्यात मी रात्री दोन दोन वाजता विहिरीवर टँकर भरायला नंबर लावायचो, आणि गावात शिरलो की बाया पाईपावर अशा तुटून पडायच्या की टँकर थांबायच्या आधी कळश्या खाली. म्हणजे माझ्या डोक्यात पाण्याचं एकच गणित, पाणी आणावं लागतं. ते आपल्या पायानं चालत आपल्याकडं येतं हे मी २४ फेब्रुवारी २०२४ पर्यंत बघितलेलं नव्हतं.

भाडं होतं सहा जणांचं. सगळे अंबाजोगाईचे, दहावीचे वर्गमित्र, आता तिशी ओलांडलेले. एक क्लास चालवतो, एकाचं खताचं दुकान, एक बँकेत, बाकीचे पुण्यात कंपनीत. त्यांना समुद्रावर तंबू ठोकून राहायचं होतं, आणि तेबी अलिबाग-गणपतीपुळ्यासारखं गर्दीचं नको, जिथं कुणीच नाही तिथं. बायकापोरं घरी. मला सगळे मामा म्हणतात, "मामा, तुम्हीबी चला तंबूत, मजा येईल" वगैरे. मी म्हणलं मी गाडीत झोपतो, गाडी सोडून झोप येत नाही मला.

शुक्रवारी रात्री निघालो. केज, मांजरसुंबा, जामखेड करत पहाटे पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, आणि दुपारी बागमांडल्याच्या जेट्टीवर. तिथून वेसवीला जायला मधी बाणकोटची खाडी आहे आणि गाडी चक्क बोटीवर चढवायची. वीस वर्षं स्टिअरिंग धरलंय पण लोखंडी फळीवरून गाडी बोटीत घालताना तळहाताला घाम आला. बोट निघाली, मी हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमधी, तरी ब्रेकवरचा पाय काढला नाही. पोरं वर जाऊन फोटो काढायलेत आणि मी एकटाच गाडीत ब्रेक दाबून बसलेला. तिकडचा पोरगा तिकीट घ्यायला आला तो म्हणला, काका, पाय काढा, बोटीला आमचा ड्रायव्हर आहे.

तिथून पुढं एका गावाच्या किनाऱ्यावर गेलो. नाव घेत नाही, तिथल्या माणसांनी आम्हाला सांभाळून घेतलं, उगं गर्दी व्हायची. पाच वाजले होते. पाणी कुठंय म्हणावं इतकं लांब. मधी नुसती ओली, टणक वाळू, डांबरी रोडसारखी गुळगुळीत, आमच्या बायपासपेक्षा चांगली म्हणलं तरी चालंल. पोरं म्हणली मामा घाला खाली. मी घातली. खरं सांगतो, मलाच हौस आली होती. दोन चकरा मारल्या, एक पोरगं टपावर, शिट्ट्या, रील, सगळं झालं.

मग तंबू. वरच्या अंगाला सुरूची झाडं, त्याच्या खाली कोरडी भुसभुशीत वाळू, पाय घोट्यापर्यंत जाई. त्याच्या खाली एक रेघ होती. काड्या, शिंपले, प्लास्टिकच्या बाटल्या, कुणाची तरी एक चप्पल, सगळं एका लायनीत पार लांबपर्यंत. आता मी वाण नदीच्या काठचा माणूस. पूर येऊन गेल्यावर बाभळीला अडकलेल्या काडीकचऱ्यावरून पाणी कुठवर आलतं ते आम्ही लहान असताना बोट लावून सांगायचो. ती रेघ मी बघितली, डोक्यात काहीतरी हललं पण, आणि मी काय केलं, तर काय नाही. पोरांनी रेघेच्या खाली, सपाट जागेवर तीन तंबू ठोकले कारण तिथं खुंट्या घट्ट बसत होत्या. गाडीबी तिथंच लावली. वर सुरूपाशी जाळीचं एक कुंपण होतं, आत चारदोन टोपल्या पालथ्या घातलेल्या. खतदुकानवाला म्हणला कुणीतरी कोंबड्या पाळल्यात. आम्ही ते खरं धरलं.

तीन दगडाची चूल मांडली. घरून येसूर मसाला आणलेला, त्यावर मटण चढवलं, ज्वारीच्या भाकरी बांधून आणलेल्या होत्याच. चांदणं असं की बॅटरी लागंना. तरी पोरांनी गाडीची हेडलाईट चालू ठेवली आणि स्पीकर लावला.

आठच्या सुमाराला वरून एक म्हातारा आला. हाफ पँट, डोक्याला टॉवेल, हातात बॅटरी पण तिच्या काचेला लाल कागद चिकटवलेला. आधी एवढंच म्हणाला, "लाईट बंद करा." मग विचारलं, "कुठून आलात?"

"अंबाजोगाई."

"ते कुठे आलं?"

"बीड जिल्हा. मराठवाडा."

"हां," म्हातारा म्हणाला, "मग बरोबर."

ते जाळीचं कुंपण कोंबड्यांचं नव्हतं. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत रात्रीची किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभरेक अंडी घालून जातात, ती अंडी कोल्हं-कुत्रं खातं म्हणून ही माणसं सकाळी शोधून काढून त्या जाळीत तशाच खड्ड्यात पुरतात, दीडपावणेदोन महिन्यानं पिल्लं निघतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ ला हे काम सुरू केलं, मग आजूबाजूच्या गावांनीबी धरलं. पिल्लू उजेडाकडं चालतं, समुद्रावरचा उजेड बघून पाण्यात जातं, आमची हेडलाईट बघितली तर गाडीखाली यायचं. हे सगळं त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. आणि मग जाळीकडं बोट केलं.

"ती जाळी एवढ्या वर कशाला घातली असेल? आम्हाला उतरायचा कंटाळा नाही म्हणून?"

कुणी बोललं नाही.

"आज तिथी काय?"

मी म्हणलं पौर्णिमा. माघी पौर्णिमा. कॅलेंडर गाडीतच टांगलेलं, भाड्याच्या तारखा लिहायला.

"पाऊणकी येते का?"

आता हे कुणाला कळलं नाही. क्लासवाल्याला नाही, बँकवाल्याला नाही. मला कळलं. माझा बाप मोंढ्यात मापाडी होता, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, हे अपूर्णांकाचे पाढे सगळे त्यानं मला पोत्यावर बसवून पाठ करून घेतलेलं, चुकलं की पायलीनं डोक्यात. चाळीस वर्षं झाली, कुठं कामाला आली नव्हती.

"एक पाऊण, दोन दीड, तीन सव्वादोन, चार तीन..." मी चालू झालो. म्हाताऱ्यानं बॅटरी हलवून पुढं जा, पुढं जा केलं. "...चौदा साडेदहा, पंधरा सव्वाअकरा."

"सव्वाअकरा. मागंपुढं थोडं. तेव्हा तुम्ही इथे पोहत असाल. आज उधाण आहे."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला-अमावस्येला सव्वाअकरा, आणि त्याच सुमाराला पाणी सगळ्यात वर चढतं. त्यांच्याकडं शेंबडं पोरगंबी हे सांगतं म्हणे.

पोरांनी तंबू उपटले, ते दहा मिनिटाचं काम. मी गाडी चालू केली, पहिला टाकला, वर घेतली, आणि कोरड्या वाळूत बारा-पंधरा फूट गेलो असंल नसंल, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी केली रेस. काळ्या रानात गाडी फसली तर रेस करून चिखल उडवून निघायची सवय. वाळूत ते चालत नाही, जेवढी रेस तेवढी गाडी खाली जाती, एखादं जनावर बसल्यासारखी बसली. खाली वाकून बघितलं तर मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग वाळूला टेकलेलं. पाऊण लाखाचं काम असंल-नसंल, माझ्या डोळ्यापुढं पूर्ण गाडी गेली. पाणी तवर वाजायला लागलं होतं. संध्याकाळी त्याचा आवाज नुसता मागं कुठंतरी होता, आता एक एक लाट वेगळी ऐकू येत होती.

म्हातारा म्हणाला हवा काढ. मी म्हणलं हवा काढून गाडी आणखी बसंल की. तो म्हणाला, "उंट बघितलास का? त्याचा पाय कसा असतो?" पुढं काही बोललाच नाही, खाली बसला आणि स्वतःच व्हॉल्वमधी काडी घालून फुस्स चालू केलं. चारी टायर. गेज नाही, अंदाजानं निम्म्याच्या खाली, टायर बाजूनं फुगून पसरेपर्यंत. पोरांनी हातानं आणि परातीनं चाकाच्या मागंपुढची वाळू उपसली. आपल्याकडं रानात गाडी फसली की कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या घालतो चाकाखाली, इथं पऱ्हाट्या कुठल्या, तर गावातली दोन पोरं नारळाच्या झावळ्या ओढत घेऊन आली, त्या घातल्या. सामान सगळं उतरवलं, सीटसुद्धा. तवर एक लाट येऊन मागच्या चाकाला शिवून गेली. फेस होता नुसता, चार बोटं पाणी नसंल, पण झावळीखालची वाळू ती घेऊन गेली, डोळ्यादेखत, चहात साखर विरघळावी तशी.

"रेस नको," म्हातारा खिडकीपाशी. "दुसऱ्यावर घे. हळू. सासुरवाडीला चालल्यासारखा."

दुसरा टाकला, क्लच असा सोडला जसा पहिल्या दिवशी शिकताना सोडला होता. आठ-दहा माणसं मागनं. झावळ्या कडाकडा मोडल्या, गाडी एकदा मागं सरली, आणि मग कशी काय ती चढली. मी थांबलो नाही, सुरूच्या मुळ्या लागेपर्यंत थांबलो नाही. उतरलो तर पाय लटपटत होते आणि टाळ्या वाजवणाऱ्या पोरांवर मी विनाकारण खेकसलो.

मटण राहिलं खाली. हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. सव्वाअकराला आम्ही सगळे सुरूखाली ओळीनं बसलेले, घड्याळात बघायलोय. पाणी त्या काडीकचऱ्याच्या रेघेपर्यंत आलं, तिला ओलांडून हातभर वर गेलं, आणि थांबलं. चूल कवाच गेली होती. पातेलं मात्र तरंगत होतं, झाकणासकट, चांदण्यात चकचक करत. येसुराचा वास आपल्याला येतोय असं बँकवाला शप्पथ घेऊन सांगत होता. जाळीपासून पाणी अजून पंचवीस-तीस पावलं खाली होतं.

सकाळी सहाला म्हाताऱ्यानं बोलवलं. टोपली उचलली, आत सात पिल्लं, एक एक काडेपेटीएवढं. आमच्या टायरच्या खोल चाकोऱ्या मधीच पडलेल्या होत्या, पिल्लू त्यात पडलं की त्याला निघता येईना, तर खतदुकानवाला आणि क्लासवाला दोघं गुडघ्यावर बसून हातानं त्या चाकोऱ्या बुजवायला लागले. सातही गेली पाण्यात. पुढचं आम्ही बघितलं नाही, चार टायर पायपंपानं भरायचे होते. प्रत्येकी दोनशे ठोके लावले मी पोरांना, पाळीपाळीनं.

म्हाताऱ्यानं पैसे घेतले नाहीत. उरलेल्या भाकरी घेतल्या. निघताना म्हणाला, घरी गेल्याबरोबर गोड्या पाण्यानं खालून धू, मीठ राहिलं तर चेसी खाईल.

आता घरी म्हणजे अंबाजोगाई. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात आमचाबी तालुका. नळाला पाणी कवा येईल त्याचा नेम नाही. सोमवारी सकाळी मी गाडी दारात जॅकवर चढवली, हौदात पाईप टाकला आणि खाली पडून हाऊसिंग, पाटे, चेसी सगळं धुवायला लागलो. वाळू निघतच होती. बायको बाहेर आली, हौदात डोकावली, मग वाकून गाडीखाली माझ्याकडं बघितलं.

"एवढ्या पाण्यातून आलाव ना," म्हणली, "तिथंच कामून नाही धुतली?"