उजव्या पायाची कळ

मार्चमध्ये द्राक्षांची काढणी निम्म्यावर असताना क्रेट उचलता उचलता कमरेत उसण भरली. ती तर दरवर्षी भरते, म्हणून बाम चोळून कामाला लागलो. तिसऱ्या दिवशी कमर मोकळी झाली आणि कळ खाली उतरली. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत. शिंक आली तरी पायात वीज जायची. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबताना पाय जोर धरेना, तेव्हा मात्र घाबरलो.

गावात सगळ्यांचं एकच, "मणक्यात गॅप पडलाय, उठू नको." अठरा दिवस चटईवर पडून काढले. एकाने पाठीवर पाय देऊन मणका 'बसवून' दिला, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ते अठरा दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

शेवटी बायकोने दिंडोरीहून नाशिकला, गंगापूर रोडला एका डॉक्टर मॅडमकडे नेलं. गाडीत मागच्या सीटवर आडवा पडून गेलो. मी आधी एमआरआयचंच विचारलं. त्या म्हणाल्या, "दादा, आधी पाय तर बघू द्या."

उताणं झोपवून त्यांनी माझा उजवा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. अर्ध्यावरही गेला नाही तोच पोटरीपर्यंत कळ गेली. मग डावा उचलला, तरी दुखलं उजव्यातच! करंगळीच्या कडेला कापसाचा बोळा फिरवला, तो मला कळलाच नाही. हातोडीने घोट्यामागे मारलं. डावं पाऊल उडालं, उजवं जेमतेम हललं. उजव्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं तर टाच वर येईना. "सायटिका आहे. मणक्यांमधली सगळ्यात खालची चकती सरकून नस दाबतेय," मॅडम म्हणाल्या. चाळिशीनंतर दुखणं नसलेल्यांच्याही एमआरआयमध्ये चकत्या फुगलेल्या दिसतात, म्हणून पायाची ताकद आणखी घटली किंवा सहा आठवड्यांत उतार पडला नाही तरच काढायचा. पण लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. हे त्यांनी बायकोलाही दोनदा बजावलं.

औषध थोडे दिवसच होतं, बाकी चालणं. पहिल्या दिवशी वेलींची एक ओळ जाऊन आलो, घाम फुटला. फिजिओथेरपिस्टने पालथं झोपवून कोपरांवर छाती उचलायला शिकवलं. कळ करंगळीतून पोटरीत आणि पोटरीतून कुल्ल्यात आली की समजायचं, नस सुटतेय. माझी तशीच वर वर सरकत गेली. एप्रिलची खरड छाटणी भावाने उरकली. जूनच्या मध्यापर्यंत मी पूर्ण बाग फिरू लागलो. एमआरआय लागलाच नाही.

करंगळीची कड अजून थोडी बधिर आहे. रोज सकाळी मांडवाच्या खांबाला धरून उजव्या चवड्यावर उभा राहतो. सुरुवातीला एकदाही जमत नव्हतं, आज सतरा वेळा जमलं.