समासातली पेन्सिलीची रेघ

पदवीच्या मुलांसाठी एक प्रकरण मी मराठीत आणत होते. पहिल्या महायुद्धातली अमेरिका आणि तिथलं लोकमत. काम हातावेगळं झालं असं वाटत होतं, त्या दिवशी आमचे मुद्रितशोधक काका प्रुफं घेऊन टेबलाशी आले. दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

"ताई, मुळात दोन्हीकडे 'प्रोपगंडा'च आहे. जर्मनांचा तेवढा 'अपप्रचार' आणि अमेरिकेचं 'प्रसिद्धीकार्य', असं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ठरवून केलं नव्हतं, आणि म्हणूनच अंगावर काटा आला. कारण अगदी हेच त्या प्रकरणात लिहिलेलं होतं. ६ एप्रिल १९१७ला अमेरिका युद्धात उतरली आणि आठवड्याभरात अध्यक्ष विल्सन यांनी लोकमाहिती समिती नेमली. प्रमुख जॉर्ज क्रील, पेशाने पत्रकार. चित्रपटगृहात रीळ बदलायला चार मिनिटं लागत. तेवढ्यात उठून युद्धाच्या बाजूने बोलणारे सुमारे ७५,००० स्वयंसेवक या समितीने उभे केले. पण नावात 'माहिती'. क्रील यांनी पुढे लिहून ठेवलंय की प्रोपगंडा हा शब्द आम्ही वापरला नाही, कारण जर्मनांच्या हाती तो फसवणुकीशी जोडला गेला होता. त्यांची ती वाटणी मी शंभर वर्षांनंतर जशीच्या तशी मराठीत उतरवली होती!

'प्रोपगंडा' हा शब्द बिचारा मुळात माळ्याचा. वेलीची फांदी वाकवून मातीत दाबायची, मुळं धरू द्यायची. आपण दाबकलम म्हणतो ते. १६२२मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी धर्मप्रसारासाठी मंडळ नेमलं, त्याच्या नावात तो आला. युद्धाने तो नासवला. समितीत काम केलेले एडवर्ड बर्नेज यांनी मग आपल्या व्यवसायाला 'जनसंपर्क' म्हणायला सुरुवात केली. आज आपल्याकडे कितीतरी कार्यालयांच्या दारांवर तीच पाटी असते.

"मग दोन्हीकडे 'प्रचार' घाला," काका म्हणाले. मला पटेना. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती, निवडणुकीतली प्रचारफेरी. मराठीत हा शब्द स्वच्छ आहे, त्यात फसवणुकीचा वास येत नाही. आणि 'अपप्रचार' म्हटलं की निकाल आधीच लागला. तो लावायचा हक्क वाचणाऱ्या मुलाचा आहे. शेवटी 'प्रोपगंडा' हाच शब्द दोन्हीकडे ठेवायचा असं ठरलं.

दुपारभर दोघं एकेक पान तपासत बसलो. सगळ्यात शेवटी एक चित्र राहिलं : डोक्यावर जर्मन शिरस्त्राण, एका हातात बाईला धरलेलं, दुसऱ्या हातातल्या सोट्यावर 'कुल्टुर', म्हणजे संस्कृती, असं लिहिलेलं वानर. खाली माझी ओळ होती, 'अमेरिकी लष्करभरतीचं भित्तिपत्रक'. मी ती खोडली आणि लिहिलं, 'अमेरिकी प्रोपगंडा : लष्करभरतीचं भित्तिपत्रक'.